आल्फ्रेडनं पण पैसे दिले होते

एथेलरेड नावाच्या इंग्लंडच्या राजाबद्दल नेटवर कुठंही वाचा, दोन ओळीत निकाल लावून मोकळे होतात. भित्रा होता, वायकिंगांना पैसे देत बसला, शेवटी राज्यच घालवून बसला. आणि त्याचाच खापरपणजोबा आल्फ्रेड, तो मात्र 'द ग्रेट'. घरातली पोरं सध्या ओटीटीवर वायकिंगांच्या सिरीज बघायलेत, त्यांचं पण हेच मत, आणि त्यांच्याशी वाद घालता घालता मी दोन-तीन महिने याच विषयात अडकून पडलो.

मी पतसंस्थेत वसुलीचं काम बघतो, त्यामुळं असंल, पण मला कुणी कुणाचं मुंडकं उडवलं यापेक्षा कुणी कुणाला किती दिले, ते आणले कुठून, आणि देऊन पुढं झालं काय, यातच जास्त इंटरेस्ट. तर मुद्दा असाय की पैसे आल्फ्रेडनं पण दिले होते.

थोडं मागून सांगतो. ७९३ ला लिंडिसफार्नचा मठ लुटला तेव्हापासून हे लोक यायचेच, पण यायचं, लुटायचं, जायचं असा कारभार होता. ८६५ ला जे सैन्य ईस्ट अँग्लियात उतरलं ते मुक्कामालाच आलं. इंग्लंड असा एक देश तेव्हा नव्हताच, नॉर्थम्ब्रिया, मर्सिया, ईस्ट अँग्लिया आणि वेसेक्स अशी चार मोठी राज्यं होती, आणि त्यातली तीन दहा वर्षांच्या आत संपली. नॉर्थम्ब्रियात दोन राजे गादीसाठी भांडत होते, ते ८६७ ला यॉर्क परत घ्यायला एकत्र आले आणि एकाच दिवशी मेले. ईस्ट अँग्लियाच्या एडमंडला ८६९ ला मारलं. मर्सियाचा बर्ग्रेड ८७४ ला सगळं सोडून रोमला निघून गेला तो परत आलाच नाही. राहिलं वेसेक्स.

वेसेक्समधे ८७१ या एका वर्षात लढायांवर लढाया. जानेवारीत अ‍ॅशडाऊनला जिंकले, पुढं हरले, ईस्टरनंतर राजा वारला आणि त्याचा धाकटा भाऊ गादीवर आला, वय बावीस-तेवीस, बापाचा पाचवा मुलगा, म्हणजे राजा होईल असं कुणाच्या ध्यानीमनी नसणार. तो आल्फ्रेड. (मेलेल्या भावाचं नाव पण एथेलरेडच बरं का. यांच्यात एथेल-एथेल नावं एवढी की आमच्या गावातल्या बाबुरावांसारखं प्रत्येकाला काहीतरी जोडून सांगावं लागतं, कोणता एथेलरेड ते.) विल्टनला परत हरल्यावर आल्फ्रेडनं तह केला. क्रॉनिकलमधे, म्हणजे त्या काळच्या इंग्रजांच्या वर्षावार नोंदवहीत, नुसतं 'तह केला' एवढंच आहे, पण जिंकायला आलेलं सैन्य नुसत्या गोड बोलण्यावर उठून लंडनला जात नसतंय, त्यामुळं पैसे मोजले हे बहुतेक इतिहासकार धरूनच चालतात. आणि ८७६ च्या तहात तर त्यानं पैसे दिल्याचं एथेलवर्ड नावाच्या इतिहास लिहिणाऱ्यानं लॅटिनमधे लिहूनच ठेवलंय, आणि हा एथेलवर्ड त्याच राजघराण्यातला, म्हणजे बदनामी करायला बसलेला माणूस नाही.

पैसे देऊनही ८७८ च्या जानेवारीत वायकिंगांचा म्होरक्या गुथ्रम वेसेक्समधल्या चिपनमवर आलाच, ऐन सणाच्या दिवसात, आणि आल्फ्रेड थोडे लोक घेऊन सॉमरसेटच्या दलदलीत ॲथेल्नीला लपला. ती भाकरी करपल्याची आणि म्हातारीनं राजाला झापल्याची गोष्ट इथलीच, पण ती त्याच्या मरणानंतर शंभर एक वर्षांनी कुणीतरी लिहिलेली, त्यामुळं तिच्यात किती पडायचं ते बघा. मे महिन्यात त्यानं आसपासचे लोक गोळा केले, एडिंग्टनला गुथ्रमला हरवलं, आणि नंतर जे केलं ते मला लई आवडतं: त्याला मारलं नाही, बाप्तिस्मा देऊन स्वतःच त्याचा धर्मपिता झाला, आणि ईस्ट अँग्लियात बसवून दिलं.

आणि मग मिळालेला वेळ वापरला, सगळी गोम इथंच आहे. सैन्याचे दोन भाग केले, एक भाग घरी शेतीवर आणि एक ड्युटीवर, आळीपाळीनं. वेसेक्सभर तटबंदीची ठाणी बांधली, बर्ग म्हणायचे त्याला, अशी की कुठल्याही गावाहून एका दिवसाच्या चालीत एखादं गाठता यावं. त्याच्या मुलाच्या काळातली एक यादी शिल्लक आहे, ती वाचून मी खरंच खूष झालो, कारण ती निव्वळ रजिस्टर आहे. हाइड म्हणजे एका कुटुंबाचं भागंल एवढी जमीन. एका हाइडमागं एक माणूस द्यायचा, आणि तटाच्या साधारण पाच मीटरला चार माणसं. विंचेस्टरच्या नावावर २४०० हाइड लावलेत. म्हणजे २४०० माणसं, हिशोब केला तर तीन किलोमीटर तट, आणि विंचेस्टरचा रोमन तट खरंच जवळपास तेवढाच भरतो. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचं टाचण आणि जमिनीवरचं माप जुळतंय, वसुलीवाल्याला याच्यापेक्षा सुख काय पाहिजे.

पुढचं पटकन सांगतो. आल्फ्रेड ८९९ ला गेला. मुलगा एडवर्ड आणि मुलगी एथेल्फ्लेड या दोघांनी हीच ठाण्यांची पद्धत पुढं सरकवत डॅनिश, म्हणजे या वायकिंगांच्या ताब्यातला, मुलूख खाल्ला. एथेल्फ्लेड मर्सियाचा कारभार बघायची, ९१७ ला डर्बी तिनं घेतलं, ९१८ ला लेस्टर तर न लढता हाती आलं आणि त्याच जूनमधे ती वारली. या बाईवर वेगळं लिहावं लागंल. नातू अ‍ॅथेलस्टननं ९२७ ला यॉर्क घेतलं, ९३७ ला ब्रुनानबरची लढाई मारली. ९५४ ला यॉर्कचा शेवटचा वायकिंग राजा एरिक, ज्याला रक्ताळ कुऱ्हाडवाला म्हणायचे, त्याला हाकललं, आणि एक इंग्लंड झालं.

आता आपला एथेलरेड. ९७८ ला त्याच्या सावत्र भावाचा कॉर्फला खून झाला आणि हा गादीवर बसला, वय दहा-बारा वर्षं. खुनात त्याचा हात असायचं वयच नाही, पण ज्यांनी केला त्यांना शिक्षा झाली नाही, आणि दरबारात प्रत्येकाला प्रत्येकाचा संशय. ९९१ ला वायकिंगांशी झालेल्या माल्डनच्या लढाईत इंग्रज सरदार बिर्टनॉथ मारला गेला आणि आर्चबिशपच्या सल्ल्यानं पहिली रक्कम दिली, १०,००० पौंड. मग ९९४ ला १६,०००. १००२ ला २४,०००. १००७ ला ३६,०००. १०१२ ला ४८,०००. हे आकडे क्रॉनिकलमधले, ते किती खरे यावर इतिहासकारांचे वाद आहेत, पण चढता क्रम बघा, पार्टी देते म्हटल्यावर मागणी वाढतीच.

एका पौंडाला २४० चांदीची नाणी, म्हणजे पहिला हप्ताच २४ लाख नाण्यांचा. त्या काळातली इंग्लिश नाणी आज इंग्लंडपेक्षा स्कॅन्डिनेव्हियात जास्त सापडतात. पण मला दुसरंच दिसतं. एवढी रक्कम गोळा होऊ शकली! गावागावातून, हाइडच्या हिशोबानं, दर काही वर्षांनी जुनी नाणी परत घेऊन नवीन छाप मारणाऱ्या टाकसाळी, सगळं शिस्तीत. आल्फ्रेडच्या घरानं ज्या हाइडवर तटाची माणसं मोजली, त्याच हाइडवर त्याच्या खापरपणतूनं खंडणी मोजली. दुबळ्या राज्याला एवढी वसुली जमत नसते.

आपल्याला हे सगळं नवीन नाही. देवगिरीला १२९६ ला अल्लाउद्दीन आला तेव्हा फौज शंकरदेवाबरोबर बाहेर होती, रामदेवरायाकडं किल्ला होता पण माणसं नव्हती, आणि कोठारात धान्य म्हणून जी पोती ठेवली ती मिठाची निघाली असं सांगतात. दिलं ना मग, सोनं, मोती, सगळं. दौलताबादला पिकनिकला जाताना लोक रामदेवरायाला नावं ठेवतात, पण त्या दिवशी त्याच्या जागी आपण काय केलं असतं? माझा आक्षेप त्या दिवसावर नाही, नंतरच्या दहा-बारा वर्षांवर आहे. खंडणी थकली, मलिक काफूर आला, राजाला दिल्लीला नेला, आणि मधल्या काळात परत तसं होऊ नये म्हणून काय केलं ते कुठं दिसत नाही. आणि घेणारे म्हणून आपलं पण खातं आहे हे विसरू नका, १७५१ ला रघुजी भोसल्यांनी बंगालकडून वर्षाला १२ लाख चौथाई ठरवून घेतली, बंगालच्या इतिहासात आपण काय आहोत ते एकदा वाचा.

तर एथेलरेडनं नुसते पैसे दिले का? नाही. ९९४ ला वायकिंग म्होरक्या ओलाफ ट्रिग्वासनला पैसे दिले, त्याच्या ख्रिस्ती दीक्षाविधीला स्वतः धर्मपिता झाला, आणि ओलाफ परत कधीच इंग्लंडवर आला नाही. हुबेहूब आल्फ्रेडचीच चाल, आणि ती चालली! १००८ ला त्यानं हुकूम काढला, दर ३१० हाइडमागं एक जहाज, दर आठ हाइडमागं एक शिरस्त्राण आणि चिलखत. १००९ ला सँडविचला असं आरमार जमलं की क्रॉनिकलवाला म्हणतो कुठल्याच राजाच्या काळात एवढी जहाजं नव्हती. आणि मग काय झालं? ब्रिट्रिक नावाच्या एकानं वुल्फनॉथ नावाच्या दुसऱ्याची राजाकडं चुगली केली, वुल्फनॉथ वीस जहाजं घेऊन पळाला आणि आपलाच किनारा लुटायला लागला, ब्रिट्रिक त्याला धरून आणतो म्हणून ऐंशी जहाजं घेऊन मागं लागला, वादळ आलं, ऐंशीच्या ऐंशी किनाऱ्यावर आपटली, आणि वुल्फनॉथनं येऊन ती जाळून टाकली. एक डॅनिश माणूस समोर नसताना शंभर जहाजं कामातून गेली! राजा घरी गेला. ऑगस्टमधे थॉर्केल द टॉल हा वायकिंग म्होरक्या फौज घेऊन त्याच सँडविचला आरामात उतरला.

चुगली करणारा ब्रिट्रिक हा एड्रिक स्ट्रिओनाचा भाऊ, आणि एड्रिक म्हणजे राजाचा जावई आणि सगळ्यात जवळचा माणूस. पुढं १०१६ ला डॅनिश लोकांशी झालेल्या अ‍ॅसनडनच्या लढाईत ऐनवेळी सगळ्यात आधी पळाला तो हाच. एथेलरेड बुडाला त्याला पैसे देणं कारणीभूत नव्हतं, चुकीची माणसं निवडणं होतं. आणि १००२ ला सेंट ब्राइसच्या दिवशी राज्यातल्या डॅनिश लोकांना मारायचा हुकूम दिला, तो तर पाप पण आणि मूर्खपणा पण, त्याचं समर्थन मी करणार नाही.

१०१३ ला डेन्मार्कचा राजा स्वेन फोर्कबर्डनं सगळं घेतलं, एथेलरेड नॉर्मंडीला सासुरवाडीला पळाला. फेब्रुवारी १०१४ ला स्वेन अचानक मेला, तेव्हा सरदारांनी एथेलरेडला निरोप धाडला की या परत, पण मागच्यापेक्षा नीट राज्य करणार असाल तर. अटी घालून राजा परत बोलावला! आला, आणि १०१६ च्या एप्रिलमधे वारला. मुलगा एडमंड आयर्नसाईड वाघासारखा लढला, पण नोव्हेंबरमधे तो पण गेला, आणि स्वेनचा मुलगा क्नूट सगळ्या इंग्लंडचा राजा झाला. पुढच्याच वर्षी त्यानं एथेलरेडची विधवा एम्मा हिच्याशी लग्न केलं आणि एड्रिकला मारून टाकलं. एड्रिकचं वाईट कुणालाच वाटलं नसावं.

आता सगळ्यात मोठा हप्ता कुणी वसूल केला सांगा. क्नूटनं. १०१८ ला, राजा झाल्यावर, ७२,००० पौंड, वर एकट्या लंडनकडून १०,५००. सगळं मिळून जवळपास दोन कोटी नाणी. कशाला, तर स्वतःच्याच सैन्याचा हिशोब चुकता करून त्यांना घरी धाडायला, चाळीस जहाजं तेवढी ठेवून घेतली. स्वीडनमधे उल्फ नावाच्या एकाचा कोरीव दगड आहे, त्याच्यावर लिहिलंय की यानं इंग्लंडात तीन वेळा पैसे घेतले, पहिल्यांदा टोस्टीनं दिले, मग थॉर्केलनं, मग क्नूटनं. आपल्या वीरगळावर लढाई असते, यांच्या दगडावर पेमेंटची नोंद.

पण क्नूटला कुणी खंडणीखोर म्हणत नाही. त्यानं इंग्लंडात जवळपास वीस वर्षं शांततेत राज्य केलं, १०२७ ला रोमला सम्राटाच्या राज्याभिषेकाला जाऊन आला, १०३५ ला वारला. समुद्राला थांब म्हणाला ती गोष्ट पण बाराव्या शतकातली. त्याची पोरं मात्र निकामी, हार्थाक्नूटनं तर मेलेल्या सावत्र भावाचं प्रेत उकरून दलदलीत टाकायला लावलं आणि स्वतः १०४२ ला एका लग्नात पिता पिता कोसळून मेला.

मग गादी फिरून एथेलरेडच्याच मुलाकडं आली, एम्माच्या पोटचा एडवर्ड. आरमाराच्या नावाखाली दरवर्षी चालू राहिलेला तो कर त्यानं १०५१ ला बंद केला. पुढं नॉर्मन आले, विल्यमनं हाइडची जुनी यादी काढली आणि वसुली परत चालू केली, ती बाराव्या शतकापर्यंत चालली, आणि तोपर्यंत ज्या डॅनिश लोकांच्या नावानं हा कर ओळखला जायचा त्यांचा एकही माणूस पैसे मागायला येत नव्हता.