वाचनाची नोंद कोणासाठी?

वाचलेल्या पुस्तकांची यादी चारचौघांसमोर ठेवण्याची सोय आता जुनी झाली आहे. लायब्ररीथिंग हे संकेतस्थळ २००५ मध्ये सुरू झाले, त्यामागोमाग तसेच गुडरीड्स आले आणि २०१३ मध्ये ते ॲमेझॉनने विकत घेतले. अशा ठिकाणी मी नियमित नोंदी करते. मात्र त्या नोंदींतील जो भाग सर्वांत ठळकपणे दिसतो, तोच मला सर्वांत कमी उपयोगाचा वाटतो.

पुस्तकाला गुण म्हणून द्यायच्या एक ते पाच ताऱ्यांचेच पाहा. गुडरीड्सच्या स्वतःच्या मोजपट्टीत दोन तारे म्हणजे ‘ठीक होते’ आणि तीन तारे म्हणजे ‘आवडले’. प्रत्यक्षात तीन तारे पाहून लेखकही हिरमुसतात आणि वाचकही ते पुस्तक बाजूला सारतात. स्टोरीग्राफ या अशाच दुसऱ्या संकेतस्थळाने पाव ताऱ्यापर्यंत मोजण्याची मुभा दिली, त्याने गुण बारीक झाले, पण पुस्तक का आवडले हे त्यातूनही कळत नाही. त्यापेक्षा तिथे पुस्तकाची गती आणि भाववृत्ती नोंदवता येते, हे मला अधिक मोलाचे वाटते, कारण संथ आणि चिंतनशील पुस्तक हवे असताना सरासरी गुणांचा काहीही आधार होत नाही.

वर्षभरात किती पुस्तके वाचायची हे आधीच ठरवण्याच्या वार्षिक उद्दिष्टाबद्दल माझे मत याहून कडक आहे. पुस्तकांची संख्या मोजायची ठरली की सहाशे पानांची कादंबरी आणि साठ पानांची पुस्तिका एकाच मापाने मोजली जातात, आणि डिसेंबरात (हे अनेकांच्या याद्यांत दिसते) अचानक बारीक पुस्तकांची रांग लागते.

माझ्या दृष्टीने खरी नोंद अर्धवट सोडलेल्या पुस्तकाची असते. कोणत्या पानावर थांबले आणि का थांबले, एवढे दोन ओळींत लिहिले की पुढे त्याच लेखकाकडे वळताना निर्णय सोपा होतो. गुडरीड्सवर अशा पुस्तकांसाठी कित्येक वर्षे वेगळा कप्पा स्वतःच तयार करावा लागत असे. पूर्ण केलेल्या वाचनालाच वाचन मानण्याची ही वृत्ती मला पटत नाही.

अधूनमधून मी गुडरीड्सवरची सगळी यादी सीएसव्ही फाइलच्या, म्हणजे साध्या तक्त्याच्या, रूपात उतरवून घेते; तीच फाइल स्टोरीग्राफवरही चढवता येते. पुस्तकांची नावे, तारखा, तारे आणि आपले अभिप्राय तिच्यात येतात. अभिप्रायाखाली इतरांनी केलेली चर्चा मात्र येत नाही, त्यामुळे जिच्यातून पुढचे पुस्तक सुचले अशी चर्चा वेगळी उतरवून ठेवावी लागते.