तुम्ही विचारलंत म्हणून : मिस स्टेजवर का नव्हत्या?

परवा नणंदेकडे डोहाळजेवणाला गेले होते. आमच्या कोरसच्या, म्हणजे सत्तर जणांच्या गाण्याच्या गटाच्या, कार्यक्रमाचे फोटो दाखवत होते आणि तिथेही तो प्रश्न आलाच. "जिचा एवढा निरोप समारंभ केलात, ती बाई यात कुठंय? हा काठी हलवणारा तर कुणी पुरुष दिसतोय." ऑफिसात, सोसायटीत, लोकलच्या डब्यात, मला हे सगळीकडे विचारतात. मी "त्या प्रेक्षकांत होत्या" एवढं सांगून सुटते. समोरच्याला वाटतं, म्हाताऱ्या असतील, उभं राहवत नसेल. तसं नाही म्हणून एकदाचं नीट सांगते.

वाद्यवृंदाबरोबर गाणारा कोरस दोघांच्या हातून जातो. चार-पाच महिने आमच्याकडून घोटून घेतो तो कोरसचा डायरेक्टर. शेवटच्या तीन-चार तालमींना वाद्यवृंदाचा कंडक्टर येतो, बहुधा पाहुणा, आणि कार्यक्रम त्याचा होतो. तयार झालेली सत्तर माणसं त्याच्या हवाली करून डायरेक्टर खाली खुर्चीत जाऊन बसतो. टाळ्या संपत आल्या की कंडक्टर हात करून वर बोलावतो, तेवढंच दर्शन. मुलीला वाढवायचं आपण आणि मांडवात मिरवायचं दुसऱ्याने, असं माझी आई म्हणाली होती. आमच्या डायरेक्टर म्हणजे मिस. त्यांना ते सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. "बराबर," म्हणाल्या.

आम्ही सगळे त्यांना मिसच म्हणायचो, साठीचे बासवालेसुद्धा (बास म्हणजे पुरुषांतला खालचा आवाज). मिस पारशी, मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी एकाच वाक्यात. कोरसमध्ये पगार कुणालाच नाही, त्यांनाही नव्हता. आम्ही कोण? बँकवाले, दातांचे डॉक्टर, शाळेतल्या बाई, एक निवृत्त टीसी. धोबीतलावजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा संध्याकाळी तालीम. जुलैत गाड्या कुर्ल्याला अडकायच्या, तेव्हा पोहोचलेल्या तीन बासना घेऊनही मिसनी तालीम केली आहे.

मी गेले ती गांधर्वची मध्यमा पूर्ण झालेली, अंगात थोडी मस्ती घेऊन. पहिल्या दिवशी विचारलं, "माझा सा काळी पाच, चालेल ना?" मिस म्हणाल्या, "डीकरा, तुझा सा घरी ठेवून ये." इथे पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते, गाणाऱ्याची नसते, कागदावर छापलेली असते. मला आल्टोत बसवलं, म्हणजे बायकांतला खालचा आवाज. चाल सोप्रानोंकडे, म्हणजे वरच्या आवाजाच्या बायकांकडे, आमच्याकडे बारा-बारा मात्रा एकच सूर. त्यात माझी मींड. दोन सुरांमध्ये आस ठेवायची हे वर्षानुवर्षं शिकलेलं, आणि मिस म्हणत, "घसरगुंडी नाय पायजे, जिना चढ." ते सुटायला मला दीड वर्ष लागलं. अजूनही भैरवी ऐकून आले की दोन दिवस घसरते.

मग त्या नेमकं काय करत होत्या? ऐकत होत्या. सत्तर जण एखादा शब्द 'त'वर संपवतात, तेव्हा मूठभर वाटाणे सांडल्यासारखे सत्तर 'त' पडतात. ते एकच वाटाणा होईपर्यंत अर्धा तास जायचा. शब्दाच्या शेवटचा 'स' तर त्या अख्ख्या आल्टोत दोघींनाच म्हणू देत, नाहीतर कुकरची शिट्टी. लांब सुराला श्वास चोरून घ्यायचा, शेजारीण घेईल तेव्हा आपण नाही; म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं, यांना श्वास लागतच नाही. जर्मन शब्दांतल्या 'ü' या उच्चारासाठी त्यांचा मंत्र होता : ओठ 'ऊ'चे, जीभ 'ई'ची. गाडीत सराव करताना समोरच्या बाईने मला पाणी देऊ केलं होतं.

त्यांचा शेवटचा कार्यक्रम जर्मन संगीतकार बेथोवनच्या नवव्या सिंफनीचा. वाद्यवृंदाची सत्तरेक मिनिटांची रचना, आणि कोरस येतो तो चौथ्या भागात. तोवर पाऊण तासाच्या वर ताठ बसून राहायचं आणि मग उठल्या उठल्या थंड गळ्याने पूर्ण जोरात गायचं. सोप्रानोंना तर एक वरचा सूर मात्रांमागून मात्रा धरून ठेवायचा असतो. माझ्या काळी पाचच्या हिशेबाने तो तार सप्तकातला निषाद. नुसतं बसायचं कसं, याचीही मिसनी तालीम घेतली होती. या सिंफनीच्या पहिल्या प्रयोगाला, व्हिएन्नात, ७ मे १८२४ला, बेथोवन स्वतः स्टेजवर होता. पण त्याला ऐकू येत नव्हतं. उमलाउफ नावाच्या कंडक्टरने मंडळींना बजावून ठेवलं होतं की त्याच्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा. टाळ्यांचं त्याला कळलंच नाही, शेवटी आल्टो गायिकेने त्याला वळवून प्रेक्षक दाखवले, असं सांगतात. (आल्टो. नोंद असू द्या.)

"हे मुंबईत कुठून आलं?" असंही विचारतात. आजचं नाही हो. व्हिक्टर परंजोतींनी १९५६मध्ये इथे परंजोती अकॅडमी कोरस उभा केला. १९६७पासून त्याचं संचालन कूमी वाडिया यांनी पुढची अनेक दशकं केलं, २०२३मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. आपल्याकडे ते नरिमन पॉइंटच्या पलीकडे फारसं पोहोचत नाही, एवढंच.

निरोपाला काय द्यायचं, यावर कमिटीत तीन बैठका झाल्या. शाल-श्रीफळ एकमताने. पुढे भांडणं. कुणीतरी चांदीची बॅटन, म्हणजे कंडक्टरची ती काठी, सुचवली. मिसच्या हातात आम्ही बॅटन कधी पाहिली नव्हती. त्या पेन्सिलीने ताल द्यायच्या. पेन्सिल हाच त्यांचा एकमेव कायदा होता. पेन नाही, मोबाइल नाही, आणि पेन्सिल नसेल तर घरी जा.

आता माझं काम सांगते. कोरसची लायब्ररी माझ्याकडे. कार्यक्रम संपला की सगळ्या प्रती गोळा करायच्या आणि पेन्सिलीच्या खुणा खोडरबराने पुसून कपाटात ठेवायच्या. या वेळी मी पुसायला बसले आणि थांबले. पानोपानी मिसच होत्या, आमच्या सत्तर अक्षरांत. 'इथे श्वास नाही!!' 'जिना.' 'हसू नका, सूर चढतो.' जर्मन शब्दांखाली देवनागरी. आणि जागोजागी काढलेला चष्मा, म्हणजे इथे कागद सोडून वर बघ. त्यातली सगळ्यात काळीकुट्ट झालेली आल्टोची प्रत मी न पुसता बांधून घ्यायला दिली. कमिटीला नंतर सांगितलं.

समारंभात मिसनी शाल खांद्यावरून लगेच काढून ठेवली, नारळ शेजारच्याला दिला, आणि प्रत उघडली. आम्ही त्या रडतील म्हणून तयार. त्या पान उलटत गेल्या आणि शेवटच्या भागात एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाल्या, "हितं श्वास कोणी घेतला?"

मी हात वर केला.

"पेन्सिल," त्या म्हणाल्या.

सत्तर माणसं, पैठण्या आणि कोट घालून आलेली. एकाकडेही नव्हती. शेवटी मिसनीच पर्समधून काढली.