सिनेटमधली साठ मते

10 जून 1964 रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये एकेकाचे नाव पुकारून मतदान चालू असताना कॅलिफोर्नियाचे सिनेटर क्लेअर एंगल यांना चाकाच्या खुर्चीवरून सभागृहात आणण्यात आले. मेंदूतील गाठीमुळे त्यांची वाचा गेली होती. त्यांचे नाव पुकारले गेले तेव्हा त्यांनी कसाबसा हात उचलून आपल्या डोळ्याकडे बोट दाखवले. इंग्रजीत डोळ्याला 'आय' म्हणतात आणि सभागृहात होकार देतानाही 'आय'च म्हणतात, त्यामुळे त्यांचे मत होकारार्थी नोंदले गेले. दोन महिन्यांच्या आत ते वारले.

अमेरिकेचे राजकारण समजून घ्यायला लागल्यापासून मी या प्रसंगाकडे वारंवार परत येतो, कारण त्या दिवशीचे मतदान वर्णभेदाविरुद्धच्या नागरी हक्क विधेयकावर नव्हतेच. मार्चपासून दक्षिणेकडील सिनेटरांनी भाषणांवर भाषणे करून ते विधेयक अडवून धरले होते आणि आता ही चर्चा थांबवावी की नाही, एवढ्यावरच मते घेतली जात होती. विधेयकाला बहुमत होते, परंतु चर्चा थांबवण्यासाठी तेव्हा दोन तृतीयांश, म्हणजे 67 मते लागत. त्या दिवशी 71 मिळाली, आणि 2 जुलैला कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली.

लांबलचक भाषणे करून, किंवा तशी तयारी दाखवून, विधेयक रोखून धरण्याच्या या प्रकाराला फिलिबस्टर म्हणतात. राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार, न्यायालयांनी कायदे तपासणे, केंद्र आणि राज्ये यांच्यातील अधिकारांची वाटणी, या सत्तेवरील अंकुशांच्या रांगेतच अनेकजण फिलिबस्टरलाही बसवतात. माझ्या मते ही मोठी गफलत आहे. घटनाकारांना जिथे साध्या बहुमतापेक्षा अधिक मते हवी होती तिथे त्यांनी तसे स्पष्ट लिहून ठेवले आहे: परराष्ट्रांशी होणारे करार, महाभियोगात दोषी ठरवणे, नकाराधिकार ओलांडणे, घटनादुरुस्ती सुचवणे, सदस्याची हकालपट्टी. साधे विधेयक मंजूर करणे या यादीत नाही. फिलिबस्टर आला तो एका दुरुस्तीतून. 1806 मध्ये सिनेटने आपल्या नियमांतून चर्चा संपवून मतदान घेण्याचा प्रस्ताव गाळला, कारण तो फारसा वापरातच नव्हता. त्यातून केवढी वाट मोकळी झाली ते पुढे कित्येक वर्षांनी लक्षात आले. 1917 मध्ये दोन तृतीयांश मतांनी चर्चा थांबवण्याची सोय झाली आणि 1975 मध्ये ही अट तीन पंचमांशांवर, म्हणजे 60 मतांवर आली.

सिनेटची घडण पाहिली की या साठ मतांचे वजन कळते. 1787 मध्ये राज्यघटना तयार करणाऱ्या फिलाडेल्फियाच्या परिषदेत लहान आणि मोठ्या राज्यांचा वाद तुटेपर्यंत ताणला गेला, तेव्हा तडजोड म्हणून प्रतिनिधीगृहात लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आणि सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोनच जागा असे ठरले, आणि तेही अवघ्या एका राज्याच्या मताधिक्याने. 2020 च्या जनगणनेनुसार कॅलिफोर्नियाची लोकसंख्या वायोमिंगच्या सुमारे 68 पट होती, तरीही दोघांचे सिनेटर दोन-दोनच. ही समानता संबंधित राज्याच्या संमतीशिवाय काढून घेता येत नाही, असे राज्यघटनेचे पाचवे कलम बजावते. लहान राज्यांना संरक्षण त्या तडजोडीतच मिळालेले आहे. त्यावर साठ मतांची अट आली की एकाच भिंतीवर दुसरी भिंत चढते.

फिलिबस्टरच्या बाजूचा युक्तिवाद मी हलक्यात घेत नाही. आज बहुमतात असलेला पक्ष उद्या अल्पमतात जातो, आणि दर निवडणुकीनंतर मोठे कायदे उलटेपालटे होऊ नयेत ही काळजी रास्त आहे. तरीही न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठी साठ मतांची ही अट 2013 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयापुरती 2017 मध्ये काढण्यात आली. पहिल्यांदा डेमोक्रॅटिक पक्षाने, दुसऱ्यांदा रिपब्लिकन पक्षाने. अर्थसंकल्पाशी निगडित विधेयकांसाठी साध्या बहुमताची वेगळी वाट आहे, म्हणूनच इतके विषय अशा एकाच विधेयकात कोंबले जातात.

मला खरा आक्षेप आहे तो आजच्या पद्धतीवर. 1957 मध्ये सिनेटर स्ट्रॉम थर्मंड नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध 24 तास 18 मिनिटे बोलत उभे राहिले. त्यांचा हेतू मला सर्वस्वी चुकीचा वाटतो, पण देशाला निदान दिसत तरी होते की विधेयक कोण अडवत आहे. 1970 च्या दशकापासून अडवलेले विधेयक बाजूला ठेवून दुसरे काम चालू ठेवण्याची रीत पडली आणि बोलण्याची गरजच उरली नाही. आता सिनेटचे थेट प्रक्षेपण लावले तर पुष्कळदा जवळजवळ रिकामे सभागृह दिसते. लिपिक सावकाश एकेक नाव वाचतो, बराच वेळ थांबतो आणि पुढचे नाव वाचतो, आणि विधेयक अडवणारा सदस्य त्या चित्रात कुठेच नसतो.