नळावरचा खार

नाशिकला आमच्या पाथर्डी फाट्याच्या घरात दोन पाणी येतात. स्वयंपाकघरात महापालिकेचं, बाथरूममध्ये बोअरचं. दोन्ही नळ एकाच दिवशी बसवलेले, एकाच दुकानातले. स्वयंपाकघरातला ८ वर्षांनीही तोंड बघावं असा आहे. बाथरूममधल्याला ३ आठवडे हात लावला नाही तर कुणीतरी चुन्यात बुडवून काढल्यासारखा दिसतो. काळ्या खडकातून आलेलं पाणी. कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. पाणी वाळतं, खार राहतो. त्यात साबण मिसळला की टाइल्सवर तो चिकट राखाडी थर, ज्याला आपण मळ म्हणतो.

पूर्वी मीही ॲसिडवालीच. एका दिवाळीच्या साफसफाईत मी रात्री मोरीत ब्लीचिंग पावडर टाकून ठेवली आणि मावशींना सांगायला विसरले. सकाळी त्यांनी त्यावरच बाटलीतलं ॲसिड ओतलं. मावशी खोकत, डोळे चोळत बाहेर आल्या, मागे तो वास. दोघी अर्धा तास जिन्यात बसून होतो. तो क्लोरीन वायू होता, हे नंतर कळलं. चूक माझी होती, खोकला मात्र त्यांना ४ दिवस पुरला. तेव्हापासून घरात ॲसिडची बाटली नाही. आणि लिंबू-व्हिनेगरसुद्धा ॲसिडच, त्यामुळे तेही ब्लीचिंगच्या आसपास फिरकू देत नाही.

मग मोबाईलवर बघून सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा प्रयोग झाला. फेस काय सुंदर येतो! मुलगा खूश. खार जागच्या जागी. नववीतलं विज्ञान आठवायला हवं होतं: आंबट आणि खारं एकमेकांना मारून टाकतात, फेस म्हणजे उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड, आणि खाली उरतं ते जेमतेम खारट पाणी. आता दोघांना वेगवेगळं कामाला लावते. खाराला आंबट. तेलकट मळाला खायचा सोडा, ओल्या काथ्यावर घेऊन.

आंबटात माझा भरवसा लिंबूसत्वावर. उन्हाळ्यात लिंबाचे भाव बघता लिंबू नळावर चोळायची हिंमत होत नाही. पिळलेल्या साली तेवढ्या फ्रिजमध्ये साठवते. लिंबूसत्व रविवार कारंजावरच्या किराणा दुकानात सुटं मिळतं. लिटरभर कोमट पाण्यात २ मोठे चमचे. नळाला त्यात भिजवलेलं जुनं फडकं गुंडाळायचं, अर्ध्या तासाने काढायचं आणि धुऊन लगेच कोरडं करायचं. जास्त वेळ ठेवलं तर नळाची चकाकी जाते, टाइल्सच्या फटीतलं सिमेंटही खातं.

शॉवरची गंमत वेगळी. आमचा प्लॅस्टिकचा आहे. दुधाच्या पिशवीत हेच पाणी भरलं, शॉवरचं तोंड त्यात बुडवलं, वरून रबरबँड. कान जवळ नेला तर बारीक सर्र आवाज येत होता. सकाळी पिशवीच्या तळाशी बारीक रव्यासारखा पांढरा गाळ. २-३ भोकं तरी बुजलेलीच होती, ती सेफ्टी पिनने टोकरली. नळ सोडला आणि एक धार थेट समोरच्या आरशावर.

भावाची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. विरळणीत खुडलेले कच्चे मणी आणून एकदा तांब्याचा बंब घासला. चिंचेइतकाच उजळला. चिंचेतलं आणि द्राक्षातलं मुख्य आंबट एकच, टार्टारिक ॲसिड. पण बंब घासायला दिंडोरीला जा, असं कुणाला सांगणार?

या सगळ्या शहाणपणाच्या भरात मी पंचवटीला सासूबाईंकडे गेले. जुनं घर, न्हाणीत शहाबादी फरशी, ५० वर्षं पाय घासून गुळगुळीत झालेली. "आई, बसा तुम्ही, मी चकचकीत करून देते," म्हणत लिंबूसत्वाचं पाणी ओतलं. फरशी फसफसली. मला वाटलं मळ निघतोय. निघत होती ती फरशीच, कारण शहाबादी हा चुनखडीचाच दगड. म्हणजे नळावरचा खार आणि ती फरशी भाऊबंदच! धुतल्यावर मधोमध ताटाएवढा खरखरीत पांढुरका डाग उरला. आईंनी बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "आम्ही रिठ्याच्या पाण्याने धुतो गं."

डाग अजून आहे. पाहुणे आले की आई बादली बरोबर त्यावर ठेवतात. मी गेले की बादली कोपऱ्यात असते.