तुम्ही विचारलंत म्हणून : त्या चित्रात दिसतं काय?

चित्रकलेचा क्लास घेते म्हटल्यावर पालक हमखास विचारतात, "ते पिकासोचं तुकडे तुकडे केलेलं... त्यात दिसतं काय, आणि अर्थ कसा लावायचा?" भिंतीवर छापील प्रत मीच लावली आहे, तेव्हा दोष माझाच. पिकासोने १९१२ साली केलेलं, वेताच्या खुर्चीचं म्हणून ओळखलं जाणारं स्थिरचित्र. मूळ चित्र पॅरिसला आहे, जेमतेम ३७ सेंटिमीटर रुंद.

आधी आकार बघा. लंबगोल. कॅफेतलं गोल टेबल बसल्या जागेवरून तिरकं पाहिलं की असंच लांबट दिसतं. भोवती लाकडी चौकट नाही, खराखुरा दोर. आत पेला, पाइप, सुरी, लिंबाची चकती, शिंपला. सगळं मोडून पुन्हा रचल्यासारखं, एकाच जागी उभं राहून न पाहिलेलं.

पण सगळ्यांचं बोट जातं ते खालच्या वेताच्या विणीवर. "हे मात्र अगदी खरं वाटतं!" नेमकी तीच थाप आहे. तिथे वेत नाही, आणि ती वीण पिकासोने रंगवलेलीही नाही. वेताची नक्षी छापलेलं कारखान्यातलं मेणकापड आहे, कापून चिकटवलेलं. हुबेहूब दिसतं ते यंत्राने छापलेलं, आणि वेडंवाकडं दिसतं ते चित्रकाराच्या हातचं. मला अर्थ सापडतो तो इथे.

वर J, O, U एवढीच रोमन अक्षरं आहेत, उच्चार ‘झू’. ‘झूर्नाल’ म्हणजे वर्तमानपत्र, आणि ‘झुए’ म्हणजे खेळणं. फ्रेंचमध्ये दोन्हींची सुरुवात तीच. अभ्यासक यावर पानंच्या पानं लिहितात. टेबलावर पेपर पडलाय एवढं कळलं तरी माझं भागतं.

राहता राहिली खुर्ची. ती टेबलावर कशी? कुणी म्हणतं, टेबलाला काच आहे, तिच्यातून खालची बैठक दिसते. कुणी म्हणतं, ते टेबलावर अंथरलेलं मेणकापडच. मी या दुसऱ्यांतली. परवा नववीतल्या एका मुलीने प्रत काढून जमिनीवर ठेवली, वरून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, टेबल नाहीच आहे. खुर्चीवरच पेला ठेवलाय. पाहुणे जास्त झाले की आमच्याकडे पण ठेवतात."