गुडघा नसलेले दोन महिने

गुडघा बदलून सात महिने झाले होते. टाक्यांच्या खालच्या टोकाशी एक फोड आला, फुटला आणि चिकट पाणी यायला लागलं. ताप नाही, थंडी नाही. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, पाणी थांबलं. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, पुन्हा गोळ्या. त्या गोळ्यांनी जखम वरून सुकली. आत काय चाललंय ते कुणालाच कळलं नाही आणि मोलाचे आठवडे मात्र हातचे गेले.

शेवटी सांधा बदलणाऱ्या सर्जनकडे गेले. सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज-लागण दाखवणारी रक्ततपासणी, ८६, खूपच जास्त. सुईने सांध्यातलं पाणी काढून कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, पाठवायचं ठरलं, पण त्याआधी दोन आठवडे सगळी अँटिबायोटिक्स बंद. औषध अंगात असलं तर जंतू असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. वाहती जखम घेऊन, एकही गोळी न घेता, नुसतं ड्रेसिंग बदलत बसायचं! कल्चर १४ दिवस ठेवतात, काही जंतू फार सावकाश वाढतात म्हणून. माझा मात्र दुसऱ्याच दिवशी उगवला. एमआरएसए, नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू. रिपोर्टवर औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट. ‘एस’, म्हणजे लागू पडणारी, मोजकीच.

“मग ‘एस’वाली औषधं द्या की, ऑपरेशन कशाला?” मी विचारलं. सर्जन म्हणाले, “पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो ना, तसा थर जंतूंनी धातूवर धरलाय. धातूला रक्तपुरवठा नसतो आणि त्या थरातले जंतू औषधाला सहजी दाद देत नाहीत.” लागण अगदी सुरुवातीला पकडली असती, तर सांधा धुऊन, मधलं प्लास्टिक बदलून धातू वाचवता आला असता. मला गोळ्यांचे ते दोन कोर्स आठवले. काही बोलले नाही.

पहिल्या ऑपरेशनमध्ये धातू, जुनं सिमेंट, खराब झालेला भाग, सगळं काढलं. वेगवेगळ्या जागचे पाच तुकडे तपासणीला गेले. रिकाम्या जागेत अँटिबायोटिक कालवलेल्या सिमेंटचा स्पेसर, म्हणजे सांध्याची जागा धरून ठेवणारा तात्पुरता ठोकळा, बसवला. त्यातून औषध जागच्या जागी झिरपतं. एवढी मात्रा शिरेतून द्यायची म्हटलं तर शरीराला झेपणार नाही.

मग दंडात पिक लाइन, म्हणजे शिरेत ठेवलेली लांब बारीक नळी, आणि तिच्यातून सहा आठवडे व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक. पहिला डोस भराभर गेला आणि तोंड, मान लालभडक, नुसती खाज. मला वाटलं, उरलेलं एक औषधही हातचं गेलं. पण ती ॲलर्जी नव्हती, वेगाचा परिणाम होता. पुढचा डोस दोन तास चालवला, काही झालं नाही. त्यानंतर सलाईनचा वेग मी स्वतः बघायचे. नर्स हसायच्या, हसू देत. दर आठवड्याला क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, आणि डोसच्या अगदी आधी रक्तातली औषधाची पातळी. चौथ्या आठवड्यात क्रिएटिनिन चढलं, डोस कमी केला.

माझा स्पेसरचा पाय वाकत नव्हता. लांब ब्रेस, वॉकर, त्या पायावर जेमतेम भार. आंघोळीला दंडाला प्लास्टिक गुंडाळायचं. खुर्चीत बसलं की पाय समोर फळीसारखा, येणारा-जाणारा अडखळायचा. तरी सगळ्यात वाईट दिवस हे नव्हेत. सहा आठवड्यांनी औषध थांबवून पुन्हा दोन आठवडे वाट पाहायची होती, ते. जरा ठणकलं की छातीत धस्स व्हायचं. सीआरपी ४ आलं. सांध्यातलं पाणी पुन्हा तपासलं, काही उगवलं नाही.

दुसऱ्या ऑपरेशनमध्ये नवा सांधा बसला. पुढे तीन महिने डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन ही दोन अँटिबायोटिक्स. अशा लागणीत रिफॅम्पिसिन एकटं देत नाहीत, जंतू त्याला लवकर सरावतात. लघवी नारिंगी होते हे सांगितलं होतं. डोळ्यांतलं पाणीही होतं, ते रुमालावर डाग दिसले तेव्हा कळलं.

आता गुडघा ९५ अंश वाकतो. जमिनीवर बसणं नाही, जिना एकेक पायरीने. आणि साध्या खोकल्यासाठी डॉक्टरकडे गेले तरी ‘आर’च्या रांगेचा तो कागद आधी टेबलावर ठेवते.