आयताचे कर्ण समान का? सिद्धता लिहिण्याचा माझा अनुभव

आयताचे कर्ण समान असतात हे डोळ्यांना दिसतंच. म्हणूनच सिद्ध करताना पाय घसरतो: जे दिसतं ते आपण नकळत पक्षात, म्हणजे दिलेल्या माहितीत, धरून बसतो. ही सिद्धता मी कशी लिहितो आणि ती नेमकी कुठे अडते, ते सांगतो.

आकृतीसाठी मी 8 सेंमी आणि 6 सेंमी बाजू घेतो. कर्ण बरोबर 10 सेंमी येतो, त्यामुळे शेवटी पट्टीने पडताळता येतं. चौरसाच्या जवळ जाणारा आयत मुद्दाम टाळतो. त्यात कर्ण एकमेकांना लंब वाटू लागतात आणि हात तसं लिहूनही जातो. शिरोबिंदू क्रमाने अ, ब, क, ड; अब 8, बक 6.

आता पक्ष. आयत म्हणजे चारही कोन काटकोन असलेला चौकोन, एवढंच आपल्या हाती आहे. समोरासमोरच्या भुजा समान असणं व्याख्येत नाही, ते मिळवावं लागतं. कोन अ आणि कोन ब यांची बेरीज 180 अंश, आणि हे अब या छेदिकेच्या (दोन्ही रेषांना छेदणाऱ्या रेषेच्या) एकाच बाजूचे आंतरकोन. म्हणून अड आणि बक समांतर. तसंच अब आणि डक समांतर. मग एकच कर्ण बड काढायचा. त्रिकोण अबड आणि त्रिकोण कडब यांत व्युत्क्रम कोनांच्या (समांतर रेषांमधल्या, छेदिकेच्या विरुद्ध बाजूंच्या कोनांच्या) दोन जोड्या समान, बड सामाईक. कोबाको (कोन-बाजू-कोन) कसोटीने ते एकरूप, म्हणून अब = कड आणि अड = कब.

इथपर्यंत बहुतेक जण नीट येतात. गाडी रुतते ती पुढे, कारण त्रिकोणांची हीच जोडी दोन्ही कर्णांसाठीही वापरली जाते. तिच्यातून बड = डब एवढंच निघतं. अक तिथे कोणत्याच त्रिकोणाची बाजू नाही! एका त्रिकोणात अक हवा आणि दुसऱ्यात बड, म्हणून जोडी त्रिकोण अबक आणि त्रिकोण डकब ही. हे दोघे एकमेकांवर चढलेले असल्याने आकृतीत पटकन सुटे दिसत नाहीत. मी ते खाली वेगवेगळे काढतो, बक ही बाजू दोन्हींत पुन्हा काढून. मग अब = डक, कोन ब = कोन क = 90 अंश, बक सामाईक. बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी लागते आणि अक = डब.

अक्षरांचा क्रमही सांभाळायचा. अ ला ड, ब ला क, क ला ब. ‘अबक एकरूप बकड’ असं लिहिलं की संगत (एकमेकींशी जुळणाऱ्या) भुजा चुकतात.

मराठीत लिहिताना एक अडचण हमखास येते. चौकोनाचा तो कर्ण, आणि काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरची बाजू तीही कर्णच. काटकोन दिसला की ‘कर्णभुजा कसोटीने’ असं लिहिलं जातं. पण या कसोटीत दोन त्रिकोणांचे कर्ण समान आहेत हे आधीच लागतं, आणि इथे तेच तर साध्य, म्हणजे सिद्ध करायचं, आहे. पूर्ण सिद्धता एका शब्दामुळे वाया जाते. एरवी हा समान शब्द योग्यच आहे: बौधायनाच्या शुल्बसूत्रात (यज्ञवेदीच्या मापांवरच्या प्राचीन ग्रंथात) ज्याला आपण पायथागोरसचं प्रमेय म्हणतो ते त्रिकोणाबद्दल नव्हे, आयताच्या कर्णावर ताणलेल्या दोरीबद्दलच सांगितलेलं आहे.

कर्ण परस्परांना दुभागतात, याला वेळ लागत नाही. छेदनबिंदू म. त्रिकोण अमब आणि कमड कोबाकोने एकरूप, म्हणून अम = कम, बम = डम. यात काटकोन कुठेच वापरला नाही, म्हणून हे कोणत्याही समांतरभुज चौकोनाला लागू. दोन्ही निकाल जोडले की म पासून चारही शिरोबिंदू 5 सेंमीवर. कंपासचं टोक म वर ठेवून वर्तुळ काढा, ते चारही कोपऱ्यांतून जाईल. लंबाची शंका उरली असेल तर त्रिकोण अमब पाहा: 25 + 25 = 50, पण 8 चा वर्ग 64. म पाशी काटकोन नाही.

व्यत्यास, म्हणजे उलट विधान, मात्र जपून लिहावा. ‘कर्ण समान, म्हणून आयत’ हे खोटं आहे. पाया 10, वरची बाजू 6, उंची 6 असा समद्विभुज समलंब चौकोन काढा. दोन्ही कर्ण 10 भरतात. समोरासमोरच्या भुजा समान हव्यात आणि कर्णही समान हवेत. तेव्हा तीच चढलेली जोडी बाबाबा (तिन्ही बाजूंच्या) कसोटीने एकरूप होते, कोन ब = कोन क, दोघांची बेरीज 180, म्हणून प्रत्येकी 90.

खोलीची आखणी करताना गवंडी आधी चारही बाजू मोजून मग दोन्ही कर्णांवर टेप धरतो तो याचसाठी. 12 फूट बाय 9 फूट खोलीत कर्ण 15 फूट. बाजूंची मापं तीच राहून 9 फुटांची बाजू 1 इंच कलली, तर दोन कर्णांत सुमारे 1.6 इंच फरक पडतो. गुण्याच्या (काटकोन तपासायच्या अवजाराच्या) हातभर कडेवर न दिसणारी चूक टेपवर लगेच दिसते. मग लांब कर्णाच्या टोकाची खुंटी आत घेताना तिच्या जोडीची खुंटीही तेवढीच सरकवायची, नाहीतर बाजूचं माप बिघडतं.